किती खाल्लेस, हे सगळ्यात शेवटी विचारा

पिंपरीतल्या नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर मुलांचा हॉकीचा सामना संपला की जाळीबाहेरचे आईबाबा फॉरवर्डला विचारतात, "किती मारलेस?" आणि कीपरला विचारतात, "किती खाल्लेस?" जसं काही पोरगं गोलपोस्टमध्ये डबा उघडून बसलं होतं. तेरा-चौदा वर्षांच्या कीपरची प्रगती जोखायला यापेक्षा वाईट प्रश्न सापडायचा नाही. दोन्ही फुलबॅक चेंडू डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, बाहेरच काढून देत असतील तर अख्ख्या सामन्यात कीपरकडे दोन फटके येतात आणि तो शून्यावर घरी जातो. समोरच्या संघाचा कीपर वीस फटके झेलून सहा खातो. दोघांत चांगला कोण, ते स्कोअरबोर्ड सांगत नाही.

मग कोणीतरी हुशारी करतं आणि सेव्हची, म्हणजे अडवलेल्या फटक्यांची, टक्केवारी काढायला सांगतं. ही सवय आइस हॉकीकडून आलेली. तिथे गोल १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या एका सामन्यात गोलकीपरवर साधारण तीसेक फटके येतात, त्यामुळे हंगामाच्या शेवटी टक्केवारीला काही अर्थ उरतो. आपल्या मैदानी हॉकीत गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास साडेतीनपट, आणि शाळकरी सामन्यात नेमके फटके येतात पाच-सहा. सहातला एक इकडचा तिकडे झाला की टक्केवारी सोळा-सतराने हलते. बरं, जपून शंभर फटक्यांची नोंद ठेवली आणि ७० टक्के आले, तरी गणिताच्या हिशोबाने खरी कुवत ६१ ते ७९ यांतली कुठलीही असू शकते. शाळेचा एक हंगाम शंभर फटके देतही नाही.

तेव्हा चेंडू अडला की नाही हे शेवटच्या रकान्यात लिहायचं. त्याआधीचे रकाने महत्त्वाचे: फटका बसला त्या क्षणी पाय थांबलेले होते का, कीपर कुठे उभा होता, आणि अडवलेला चेंडू गेला कुठे.

पायांपासून सुरुवात करू. सरावात कीपरच्या हातांकडे बघायचा मोह होतो, कारण नाट्य तिथे घडतं. नजर किकरवर, म्हणजे कीपरच्या बुटांवरच्या जाड फोमच्या आवरणावर, ठेवा. मोबाइल तिवईवर लावून गोलच्या जाळीमागे, जरा तिरका, सुरक्षित कुंपणाआड ठेवायचा. स्लो मोशनमध्ये १२० फ्रेम्स पुरतात. समोरून बारा मीटरवरून चाळीस चेंडू, एकच मारणारा, आणि दिशेची चिठ्ठी फक्त त्याच्याकडे. नंतर व्हिडिओत ज्या फ्रेममध्ये स्टिक चेंडूला लागते तिथे थांबायचं. दोन्ही किकर टर्फवर, टाचा जेमतेम उचललेल्या, वजन चवड्यांवर, गुडघे वाकलेले, डोकं गुडघ्यांच्या किंचित पुढे, हात कमरेच्या उंचीला शरीरापुढे: हा कीपर सेट आहे. एक पाय हवेत असेल तर तो अर्धाच कीपर आहे. ज्या पायावर वजन आहे तो रोवून फक्त विरुद्ध बाजूला जाता येतं. चेंडू वजनाच्याच बाजूला आला तर तो जागेवर खिळतो किंवा बसकण मारतो. आपण म्हणतो, "रिफ्लेक्स कमी आहेत." रिफ्लेक्स ठीक असतात, पाय उशिरा थांबलेले असतात.

हा दोष बहुतेक वेळा उत्साहातून येतो. मारणाऱ्याने स्टिक मागे नेली की मुलगा पुढे धावतो, आणि "अँगल कमी कर" हे सरांचं वाक्य त्याच्या डोक्यात एवढं पक्कं असतं की स्टिक चेंडूला लागतानाही तो धावतच असतो. त्याला सांगायचं ते इतकंच: स्टिक मागे जाईपर्यंत चाल, खाली येताना थांब. पोचला नसशील तरी थांब. अर्ध्या वाटेवर थांबलेला कीपर धावत असलेल्या कीपरपेक्षा जास्त चेंडू काढतो. चाळीसपैकी किती वेळा सेट होता, हा वहीतला पहिला आकडा. माझ्या मते बाराव्या वर्षी चाळीसात वीस चालतील. सोळाव्या वर्षी पस्तिसाच्या खाली असेल तर बाकी काही शिकवण्याआधी हेच शिकवावं.

आता जागा. ही भूमिती आहे, आणि ती डोळ्यांनी पटवावी लागते. चेंडू डीच्या टोकावर, बरोबर मधे, गोलरेषेपासून १४.६३ मीटरवर. कीपर रेषेवर उभा असेल तर त्याला पूर्ण ३.६६ मीटर रुंदी सांभाळायची. दीड मीटर पुढे आला तर ३.२८. तीन मीटर पुढे आला तर २.९१. म्हणजे तीन मोठ्या पावलांत पाऊण मीटर गोल गायब होतो. चेंडू आठ मीटरवर असेल तर फरक आणखी मोठा: एक मीटर पुढे उभं राहिल्यास ३.२०, तीन मीटर पुढे उभं राहिल्यास २.२९.

पण हे फुकट मिळत नाही. ताशी १०० किलोमीटरचा फटका डीच्या टोकावरून रेषेपर्यंत यायला सुमारे ०.५३ सेकंद घेतो. तीन मीटर पुढे उभ्या असलेल्या कीपरला ०.४२ सेकंदच मिळतात. शाळकरी मुलांचा ६५ च्या वेगाचा चेंडू असेल तर हेच आकडे ०.८१ आणि ०.६४. म्हणून बारा वर्षांच्या मुलाला "पुढे ये, पुढे ये" म्हणून ओरडणं सोपं असतं, आणि त्या वयात ते लागूही पडतं. तोच मुलगा १७ वर्षांखालच्या संघात गेला की तितकाच पुढे आल्यावर त्याला चेंडू दिसेपर्यंत जाळी हललेली असते. रेषेपासून किती पुढे उभं राहायचं, हे दर वर्षी नव्याने ठरवावं लागतं. तीन वर्षं तोच मुलगा त्याच जागी उभा दिसतोय, तर शिकणं कुठेतरी थांबलंय.

हे पटवायला पंचवीस मीटर सुतळी पुरे. एक टोक एका पोस्टला घोट्याच्या उंचीवर बांधा, सुतळी बारा मीटरवर ठेवलेल्या चेंडूपाशी नेऊन खुंटीला एक वेढा द्या, दुसरं टोक दुसऱ्या पोस्टला. झाला त्रिकोण. कीपरला त्यात उभं करा आणि मागून दाखवा की त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला सुतळीपर्यंत किती जागा उरते. दोन्ही बाजू सारख्या असल्या पाहिजेत. निम्मी मुलं स्टिकच्या बाजूला जास्त जागा सोडतात, कारण तिकडे हात लांब वाटतो. एक महत्त्वाचं: सुतळी फक्त उभं राहून बघण्यासाठी. चेंडू मारायच्या आधी ती काढून टाका, नाहीतर कोणाचा तरी पाय अडकून घोटा जाईल.

जवळच्या पोस्टचा हिशोब वेगळा. चेंडू बॅकलाइनवरून, म्हणजे गोलच्या दोन्ही बाजूंना जाणाऱ्या मैदानाच्या शेवटच्या रेषेवरून, आत येतो तेव्हा कीपरने पोस्टला चिकटायचं, लेग गार्ड पोस्टला टेकलेला हवा. चेंडूचा व्यास सव्वासात सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे पोस्ट आणि पॅड यांच्यात मुठीएवढी फट राहिली तर गोल. या फटीतून गेलेला गोल हा एकमेव गोल आहे ज्यासाठी मी तरुण कीपरला बिनदिक्कत दोष देईन.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट: अडवल्यानंतर चेंडू गेला कुठे.

आइस हॉकीचा गोलकीपर पक (तिथली चेंडूऐवजीची रबरी चकती) पकडून किंवा अंगाखाली दाबून खेळ थांबवू शकतो. शिट्टी होते, फेसऑफ होतो, त्याला श्वास मिळतो. आपल्याकडे कीपर चेंडूवर आडवा झाला की पंच पेनल्टी कॉर्नर देतो, म्हणजे समोरच्या संघाला बॅकलाइनवरून चेंडू आत देऊन गोलवर मारायची मोकळी संधी. म्हणजे आपल्या कीपरला चेंडू दाबून खेळ थांबवण्याची मुभाच नाही. प्रत्येक सेव्ह हा एक पास असतो, आणि तो कोणाला तरी मिळणारच. मुलांच्या सामन्यात दुसऱ्या चेंडूवर होणारे गोल मोजून बघा, वहीत हा रकाना सगळ्यात वेगाने भरतो.

त्यासाठी अडवलेल्या चेंडूचे, तो गेला कुठे त्यानुसार, चार प्रकार पाडायचे. गोलसमोर पेनल्टी स्पॉटच्या आसपासचा पट्टा, जो रेषेपासून ६.४० मीटरवर आहे, तो धोक्याचा. दोन्ही बाजूंचे पट्टे बरे. बॅकलाइनबाहेर गेलेला चेंडू चांगला. आणि चौथा प्रकार म्हणजे पायापाशी पडून राहिलेला. हा धोक्याचाच धरा, फक्त फरक असा की कीपर जागा असेल तर पुढच्या क्षणी तो काढू शकतो. वहीतली ओळ साधारण अशी दिसते: "१७. सेट नाही, मधे, उजवा किकर, समोर, अडला." स्कोअरबोर्डवर हा सेव्ह आहे. माझ्या वहीत हा गोल आहे, नशिबाने न झालेला.

समोर जाणारे चेंडू बहुतेक दोन कारणांनी जातात. एक, मुलगा बोटांनी लाथ मारतो. किकरचं टोक चेंडूखाली जातं, चेंडू उसळतो, आणि उसळून आलेला चेंडू समोरच्या खेळाडूच्या अंगावर गेला की धोकादायक खेळ म्हणून पंच शिट्टी वाजवतात ते वेगळंच. दुसरं, वजन मागे असतं. सरळ उभा राहून पाय पुढे फेकला की चेंडू आला त्याच वाटेने परत जातो. किकरची आतली कड तिरकी धरून, गुडघा चेंडूवर आणून, चेंडूला फक्त दिशा द्यायची. जोर मारणाऱ्याने आधीच दिलेला असतो. चाचणी सोपी आहे: दहा मीटरवरून वीस पुश (स्टिकने ढकललेले चेंडू), दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या शंकूंचं एकेक फाटक, किती चेंडू कुठल्या तरी फाटकातून गेले. दोन महिन्यांत बारावरून सोळावर आला तर तो मुलगा शिकतोय, मग त्या दोन महिन्यांत संघ सगळे सामने हरलेला असला तरी.

उंच चेंडूंना हाताने झटका देणं हाही याच घरातला दोष. डाव्या हाताचा पॅड भिंतीसारखा धरून चेंडू खाली किंवा बाजूला पडू द्यायचा. हाताने चेंडू लांब फेकणं नियमातही बसत नाही.

पेनल्टी कॉर्नरबद्दल जरा सविस्तर, कारण इथे भले भले प्रशिक्षक फसतात. नियम असा की कॉर्नरवरचा पहिला फटका हिट असेल तर चेंडू गोलरेषा ओलांडताना ४६० मिलिमीटरपेक्षा वर चालत नाही. हीच बॅकबोर्डची, म्हणजे गोलच्या तळाशी असलेल्या फळीची, उंची. फ्लिकला मात्र उंचीचं बंधन नाही. चौदाखालच्या गटात ड्रॅग फ्लिक (चेंडू स्टिकने ओढत नेऊन उचलून मारणं) नीट येणारी मुलं मोजकीच, बाकी सगळे हिट मारतात. मग चलाख कीपर एक युक्ती शोधतो: चेंडू निघाला की दोन-तीन पावलं पुढे धावायचं आणि आडवं पडायचं. दीड मीटर उंचीचं अंग, लांबवलेला हात, त्यापुढे स्टिक. जमिनीलगतचा बराचसा गोल बंद. दहातले आठ कॉर्नर निघतात. सगळे टाळ्या वाजवतात, जिल्ह्याच्या संघात निवड होते.

दोन वर्षांनी तो सतराखाली जातो आणि समोरचा मुलगा चेंडू ओढून दीड मीटर उंचीवर फ्लिक करतो. कीपर आधीच जमिनीवर. आता त्याला उभं राहायला शिकवायचं म्हणजे तीन वर्षांची सवय मोडायची, आणि या वयात ते फार जड जातं. म्हणून चौदाव्या वर्षी आडवं पडून काढलेल्या कॉर्नरला मी अर्धेच गुण देतो. आठवड्याला दहा कॉर्नर असे घ्या की मारणारा नऊ-दहा मीटरवरून टेनिस बॉल हाताने खांद्याच्या उंचीला फेकेल, कधी खाली फेकेल, आणि कीपरने दिशा दिसेपर्यंत पाय सोडायचे नाहीत. गोल जास्त होतील. होऊ द्या.

पडणं वाईट नाही, लवकर पडणं वाईट. पडल्यावर किती वेळात परत सेट होतो तेही घड्याळ लावून बघा. पूर्ण किट घालून दीड-दोन सेकंदांत उभा राहिला पाहिजे. ज्या बाजूला जायचं त्याच्या विरुद्ध पाय आधी रोवायचा, हात टेकायचा नाही. हात टेकून उठणाऱ्याची स्टिक त्या वेळात निरुपयोगी असते.

बरोबरीनंतरच्या शूटआउटमध्येही, जिथे एकटा खेळाडू एकट्या कीपरवर येतो, हेच. मारणारा २३ मीटरच्या रेषेवरून निघतो, त्याच्याकडे आठ सेकंद. आधी पडेल तो हरेल. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात भारत सतराव्या मिनिटापासून दहा जणांनिशी खेळून ग्रेट ब्रिटनशी १-१ वर राहिला आणि शूटआउट ४-२ ने जिंकला, त्यात भारताचा गोलकीपर श्रीजेश होता. ते बघताना त्याच्या हातांऐवजी तो किती वेळ उभा राहतो ते बघा.

आवाजाबद्दल थोडक्यात. "लेफ्ट, लेफ्ट!" असं ओरडणं म्हणजे आवाज, सूचना नव्हे. नाव आधी, दिशा नंतर, आणि चेंडू पोचण्याआधी: "ओंकार, उजवीकडे, तुझा." सामन्यात अशा किती हाका आल्या ते मोजता येतं. लाजरी मुलं इथे मागे पडतात, आणि ते रागावून सुटत नाही.

मोजताना दोन गोष्टी घोळ घालतात. पहिली उंची. मुलं साधारण तेरा-चौदाव्या वर्षी, मुली त्याच्या दोनेक वर्षं आधी झपाट्याने वाढतात. त्या काळात पाय लांब होतात आणि ताबा सुटतो. कालपर्यंत जमणारा लेग सेव्ह अचानक अडखळतो. दर महिन्याला दाराच्या चौकटीवर पेन्सिलची खूण करा. तीन महिन्यांत दोन-अडीच सेंटीमीटर वाढ दिसली तर त्या तिमाहीचे आकडे मागच्याशी ताडू नका. गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय म्हणाला तर आळशी ठरवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. या वयात तिथे खरंच दुखतं.

दुसरी गोष्ट मैदान. बालेवाडीच्या किंवा नेहरूनगरच्या टर्फवरचा आकडा आणि शाळेच्या मुरमाच्या मैदानावरचा आकडा एका पानावर लिहू नका. मुरमावर चेंडू कुठूनही उसळतो, घसरलं की कातडं जातं, म्हणून तिथली मुलं पायांवर राहायला शिकतात, जे उत्तमच. टर्फवर चेंडू सरळ आणि झटकन येतो, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावरून तर सटकतोच. चाचणी सहा-आठ आठवड्यांनी, त्याच मैदानावर, त्याच मारणाऱ्याकडून.

निवड चाचण्यांबद्दल माझी तक्रार आहे. कीपरला पाच मिनिटं मिळतात. दहा जण सहा मीटरवर रांगेत उभे राहतात आणि एकामागून एक चेंडू सोडतात. यात पाय थांबवायला वेळ नाही, जागा बदलायचं कारण नाही, दुसरा चेंडू तर कोणी बघतच नाही. जो अंग जास्त फेकतो तो उठून दिसतो. खरं बघायचं असेल तर तीन विरुद्ध दोन असा खेळ दहा मिनिटं लावा आणि निवड करणाऱ्याने जाळीमागे उभं राहावं.

आणि किट. पुण्याच्या खडकीने धनराज पिल्लेसारखा फॉरवर्ड दिला, त्यामुळे इथल्या प्रत्येक पोराला फॉरवर्ड व्हायचं असतं. कीपर होतो तो उशिरा आलेला, आणि त्याला मिळतं ते दादा लोकांचं जुनं किट. लेग गार्डची गुडघ्याची जागा मुलाच्या गुडघ्याच्या वर येत असेल तर तो वाकणारच नाही, आणि आपण वहीत "स्टान्स उंच" असं लिहून मोकळे होतो. किकरचा बुटाखालून जाणारा पट्टा आधी तपासा; तो झिजला की किकर फिरतो आणि तिरका धरलेला पाय सरळ होतो. हेल्मेट डोकं हलवल्यावर मागे राहत असेल तर मुलगा तिरका चेंडू जाळीच्या गजाआडून बघतोय. फोम दाबून बघा: बोटाचा खड्डा भरून यायला वेळ लागत असेल तर त्या पॅडवरून चेंडू उडणार नाही, पायाशीच पडेल, आणि "चेंडू काढत नाही" हा शेरा पोराच्या नावावर जाईल.

उन्हाळ्यात किट गाडीच्या डिकीत ठेवू नका, चिकटवलेले थर सुटतात. जुलैत ते दोन-दोन दिवस वाळत नाही. हातमोज्यांत आणि हेल्मेटमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, पॅड सावलीत पंख्याखाली उभे करायचे, आणि बोळे रात्री एकदा बदलायचे.